ट्रेमध्ये कोण मरून पडतं?

१९९४ सालचा उन्हाळा. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातलं नेवार्क हे विद्यापीठाचं गाव. तिथल्या उपनगरी वस्तीत सहा ठिकाणी किडे मारणारे विजेचे दिवे लावलेले होते. असे दिवे तिथल्या अंगणांत वर्षानुवर्षं होतेच. अंधार पडला की निळसर उजेड, मधूनच ‘चट्ट’ असा आवाज, आणि एक डास मेला म्हणून घरच्यांना समाधान. त्या उन्हाळ्यात फरक एवढाच, की दिव्याखालच्या ट्रेमध्ये साठलेला कचरा कुणी झाडून टाकला नाही. टिमथी फ्रिक हा विद्यार्थी आणि डेलावेअर विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांनी तो जपून ठेवला, निवडला, ओळखला आणि मोजला.

एकूण किडे भरले १३,७८९. त्यांत डास आणि माणसाला चावणारी इतर चिलटं-माश्या मिळून ३१.

टक्क्यांत सांगायचं तर ०.२२. उरलेल्यांपैकी ६,६७०, म्हणजे एकूण कीटकांच्या जवळजवळ निम्मे, आसपासच्या ओढ्या-नद्यांत वाढून पंख फुटल्यावर बाहेर पडलेले जलकीटक होते. ते कुणाला चावत नाहीत. मासे, पक्षी, वटवाघळं त्यांच्यावर जगतात. आणखी १,८६८, म्हणजे साडेतेरा टक्के, दुसऱ्या किडींना खाणारे किंवा त्यांच्या शरीरात वाढून त्यांना संपवणारे होते. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या भाषेत मित्रकीटक. १९९६ मध्ये हा अभ्यास ‘एंटोमॉलॉजिकल न्यूज’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेत असे चाळीस लाख दिवे चालतात असं धरून दोघांनी अंदाज बांधला, की वर्षाला ७१ अब्ज ते ३५० अब्ज निरुपद्रवी कीटक त्यांत जळत असावेत. अंदाजाची दोन टोकं फार लांब आहेत हे खरंच. पण खालचा आकडा धरला तरी तो हादरवणारा आहे, कारण एवढा संहार ज्याच्यासाठी मांडला तो डास त्या ट्रेमध्ये जवळपास नव्हताच.

हाच दिवा आज महाराष्ट्रात मिठाईच्या दुकानात, खानावळीत, दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, फार्महाउसच्या ओसरीवर दिसतो. ऑनलाइन बाजारात त्याची लहान भावंडं मिळतात: यूएसबीवर चालणारी, जांभळा उजेड पाडणारी, आत छोटा पंखा बसवलेली. ‘मच्छर मारायची मशिन’ म्हणून लोक ती विश्वासाने विकत घेतात. लहान मुलाच्या पाळण्याशेजारी ती लावली जातात. तेव्हा त्यात नेमकं कोण मरतं, हा प्रश्न घराघरातला आहे.

या यंत्राची सुरुवात डासांपासून झालीच नाही. ऑक्टोबर १९११ च्या ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकात डेन्व्हर शहरातल्या दोघांनी बनवलेल्या विजेच्या सापळ्याची माहिती आली होती. आत पाच दिवे, बाहेर जवळजवळ ताणलेल्या तारांची जाळी, तिच्यात ४५० व्होल्टचा दाब. सापळ्याच्या आत मांसाचा तुकडा ठेवायचा, म्हणजे वासाने माश्या येतील. खर्च फार, म्हणून व्यवहारात उपयोग नाही, असंही तेव्हा मान्य केलं गेलं होतं. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातले परजीवीशास्त्राचे प्राध्यापक विल्यम ब्रॉडबेक हर्म्स यांनी तिथल्या फळबागा वाचवण्यासाठी मोठे विजेचे सापळे बनवण्यात वीसेक वर्षं घातली. १९३० च्या दशकात विल्यम फोल्मर आणि हॅरिसन चॅपिन यांनी अशाच यंत्राचं पेटंट घेतलं. म्हणजे यंत्र जन्मलं ते माशीसाठी आणि बागेतल्या किडीसाठी. पहिल्या सापळ्यात मांसाचा वास होता. पुढे वास गेला आणि नुसता उजेड उरला. त्यानंतर कधीतरी हे यंत्र अंगणात आलं आणि त्याला डासांचं काम देण्यात आलं.

यंत्राची रचना साधी आहे. मध्ये अतिनील किरण सोडणारी नळी. तिचा जोर ३६५ नॅनोमीटरच्या आसपास. माणसाला दिसतो तो निळा उजेड म्हणजे त्या प्रकाशाची नुसती कड. किड्यांच्या डोळ्यांना मात्र अतिनील किरण स्पष्ट दिसतात. नळीभोवती तारांच्या दोन जाळ्या असतात, त्यांच्यात काही मिलिमीटरचं अंतर. घरातली २३० व्होल्टची वीज ट्रान्सफॉर्मरमधून दोन हजार व्होल्ट किंवा त्याहून वर चढवून या जाळ्यांना दिलेली असते. किड्याचं ओलसर शरीर दोन तारांच्या मधोमध आलं की ठिणगी पडते. खाली ट्रे.

आता, किडे दिव्याकडे येतात तरी कशाला? पतंग चंद्राच्या अंदाजाने उडतो आणि दिव्याला चंद्र समजून फसतो, असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. २०२४ च्या जानेवारीत ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये सॅम फेबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळं चित्र मांडलं. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी त्यांनी प्रयोगशाळेत आणि कोस्टा रिकाच्या जंगलात किड्यांचं उडणं टिपलं. किडे दिव्यावर झेप घेत नव्हते. ते दिव्याकडे पाठ करत होते. कोट्यवधी वर्षं रात्रीसुद्धा वरचं आकाश खालच्या जमिनीपेक्षा उजळ असायचं. उजेडाकडे पाठ ठेवली की वर काय आणि खाली काय, हे हवेत पक्कं कळायचं. जवळ दिवा आला की तोच हिशेब उलटतो. किडा पाठ दिव्याकडे वळवत राहतो आणि दिव्याभोवती घिरट्या घालण्यात अडकतो. दिवा खाली असेल तर तो हवेतच उताणा होतो आणि कोसळतो. सगळेच असे फसतात असंही नाही. कण्हेरीवर वाढणारा मोठा पतंग दिव्यावरून सरळ उडून गेल्याचं त्यांना दिसलं.

म्हणजे दिव्याच्या जाळीपर्यंत कोण पोचणार, हे तो त्रास देतो का यावर ठरत नाही. रात्री उघड्यावर उडणारा आणि आकाशाच्या उजेडावर तोल सांभाळणारा जो कुणी असेल, तो पोचतो. पतंग, भुंगेरे, ओढ्यातली चिलटं, पावसाळ्याच्या तोंडाला पंख फुटलेली वाळवी, असे सगळे.

चावणारी डासाची मादी माणूस शोधते ती दिवा पाहून नव्हे. अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागतं, आणि रक्त कुठे आहे हे तिला आपल्या श्वासातून कळतं. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिला बऱ्याच अंतरावरून जाणवतो. मग घामातल्या लॅक्टिक अॅसिडसारख्या द्रव्यांचा वास आणि अगदी जवळ आल्यावर अंगाची ऊब. डोळ्यांचंही काम असतं, पण ते वासाच्या मागून येतं. वॉशिंग्टन विद्यापीठात २०२२ मध्ये एडिस इजिप्ती डासांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं, की कार्बन डायऑक्साइडचा वास आल्यावर या माद्या लाल, नारिंगी, काळ्या रंगाच्या ठिपक्यांकडे जातात. हिरवा, निळा, जांभळा आणि पांढरा रंग मात्र त्या सोडून देतात. ते ठिपके म्हणजे दिवे नव्हेत, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही अंधाऱ्या खोलीत निळा-जांभळा दिवा एका कोपऱ्यात आणि श्वास घेणारा माणूस दुसऱ्या कोपऱ्यात असेल, तर भुकेली मादी कुठे जाईल याचा अंदाज यावरून बांधता येतो.

अंदाजावर थांबायचीही गरज नाही. कॅनडातल्या ओंटॅरिओ प्रांतात १९७७ मध्ये आणि अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी १९८३ मध्ये अंगणांतल्या या दिव्यांची प्रत्यक्ष चाचणी झाली होती. साउथ बेंडच्या चाचणीत दिव्यांनी मारलेल्या किड्यांत डासांच्या माद्या सरासरी ३.३ टक्के निघाल्या, आणि दिवा लावलेल्या अंगणात डास चावण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. ही माहिती चाळीस वर्षांपूर्वीची. दिव्यांची विक्री तरीही चालूच आहे.

डासांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही दिव्याचे सापळे वापरतात, मग ते कसे चालतात, असं कुणी विचारेल. त्या सापळ्यांचं काम डास कमी करणं नाही. कुठल्या जातीचे डास कुठे आहेत हे पाहण्यासाठी नमुने गोळा करणं, एवढंच. शिवाय १९६० च्या दशकापासून वापरात असलेल्या छोट्या सापळ्यांशेजारी अनेकदा कोरडा बर्फ टांगलेला असतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे सापळा जणू श्वास घेतो. निव्वळ दिव्यावर त्यांचीही भिस्त नसते.

महाराष्ट्रात या सगळ्याला वेगळं वजन येतं. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. त्यानंतर तीसेक वर्षं हा आजार देशातून जणू गायब झाला आणि २००५ च्या अखेरीस परतला. २००६ मध्ये देशभरात तेरा लाखांहून जास्त संशयित रुग्णांची नोंद झाली. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात राज्यातला पहिला झिका रुग्ण सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात झिकाचे रुग्ण एकामागून एक निघत गेले. डेंग्यू तर दर पावसाळ्यात आहेच. हे तिन्ही आजार पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि उन्हं कलल्यावर जास्त. दिवेलागणीला दारं-खिडक्या लावून घ्यायची आपल्या घरांतली सवय क्युलेक्सला, म्हणजे गटारातल्या डासाला, बऱ्यापैकी अडवते. एडिस त्याआधीच आपलं काम उरकून पडद्यामागे, टेबलाखाली जाऊन बसलेला असतो. रात्री लावलेल्या निळ्या दिव्याशी त्याची गाठ पडायचा संबंधच येत नाही. त्याला रोखायचं तर पिंप, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर हे सगळं आठवड्यातून एकदा रिकामं करून घासायचं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशेब. आरोग्य खात्याचा ‘कोरडा दिवस’ तो हाच. जिथे पाणी ओतून देता येत नाही तिथे गप्पी मासे. हे कंटाळवाणं काम आहे, ते पुन्हा पुन्हा करावं लागतं. दिवा विकत घेऊन ते टळत नाही, आणि दिवा लावलाय म्हणून ते राहून गेलं तर त्याची किंमत तापाने फणफणलेलं मूल मोजतं.

डासांच्या रॅकेटबद्दल मात्र चांगलं बोलायला हवं. विजेचीच, पण ती हातात धरायची. तैवानच्या त्साओ-ई शिह यांना १९९६ मध्ये तिचं अमेरिकेत पेटंट मिळालं, आणि पुढच्या काही वर्षांत ती आपल्या रस्त्यावरच्या पथारीवर पोचली. खराब झालेली एखादी रॅकेट उघडून पाहिली तर दांड्यात चार्ज होणारी छोटी बॅटरी, एक ट्रान्झिस्टर, करंगळीच्या पेराएवढा ट्रान्सफॉर्मर, दोन-चार डायोड आणि कपॅसिटर दिसतात. बटण दाबलं की बॅटरीचे चारेक व्होल्ट हजार-दोन हजारांवर चढतात आणि कपॅसिटरमध्ये साठतात. वर जाळीचे तीन थर. बाहेरचे दोन एका टोकाला जोडलेले, मधला दुसऱ्या टोकाला. बाहेरच्या जाळीची भोकं इतकी बारीक असतात, की माणसाचं बोट मधल्या थरापर्यंत जात नाही आणि डास मात्र सहज जातो. स्वस्त मालात नेमकी ही बाहेरची जाळी सैल किंवा वाकडी असते, म्हणून विकत घेताना आधी तिच्याकडे पाहावं. बाहेरून येणाऱ्या हलक्या मालाचं प्रमाण एवढं वाढलं होतं, की एप्रिल २०२१ मध्ये केंद्र सरकारने विमा आणि वाहतूक धरून १२१ रुपयांपेक्षा कमी किमतीच्या रॅकेटच्या आयातीवर बंदी घातली.

रॅकेटने साथ आटोक्यात येत नाही. पण तिच्यात एक गुण आहे, जो निळ्या दिव्यात नाही: कुणाला मारायचं ते माणूस बघून ठरवतो. पायाशी घोंगावणारा डास मरतो, खिडकीवरचा पतंग जगतो. आणि ओसरीवर गप्पा मारत बसायचं असेल तर साधा टेबलफॅन दिव्याहून सरस. मिशिगन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन दशकांपूर्वी दाखवलं, की पंख्याचा वारा असला की डास माणसापर्यंत फार कमी पोचतात. डास उडायला कमजोर असतो, आणि वाऱ्याने श्वासाचा मागही विरून जातो.

मिठाईच्या दुकानात प्रश्न डासाचा नसतो, माशीचा असतो, आणि माशी अतिनील उजेडाकडे येते. तिथे दिव्याला काम आहे. पण चुकीच्या जागी टांगला तर तोच दिवा घातक ठरतो. कॅन्सस राज्य विद्यापीठातले जेम्स अर्बन आणि अल्बर्टो ब्रोस यांनी माश्यांच्या अंगावर आणि पोटात जिवाणू-विषाणू सोडून त्या माश्या विजेच्या जाळीवर मारल्या. ठिणगीने माशीचं शरीर फुटतं आणि त्याचे कण आसपास उडतात. त्यांच्याबरोबर जिवाणू-विषाणूही हवेत जातात. माशीच्या अंगावर चिकटलेले जंतू पोटातल्या जंतूंपेक्षा कितीतरी जास्त पसरतात, असंही दिसलं. उघड्या परातीतल्या पेढ्यांवर चटचटणारा दिवा म्हणजे काय, हे यावरून कळावं. अमेरिकेच्या अन्न नियमावलीत म्हणूनच स्पष्ट लिहिलं आहे, की असं यंत्र अन्न तयार करण्याच्या जागेच्या वर नसावं आणि मेलेला किडा यंत्राच्या आतच राहायला हवा.

मोठ्या अन्न कारखान्यांनी यातून धडा घेतला. तिथल्या ‘फ्लाय कॅचर’मध्ये आता बहुधा विजेच्या जाळीऐवजी चिकट कागद असतो. माशी त्यावर बसते, अडकते, फुटत नाही. नळीवर पारदर्शक आवरण असतं, म्हणजे ती फुटली तरी काच अन्नात जात नाही. दिवा बाहेरून दिसेल असा दाराच्या तोंडाशी लावत नाहीत; तसा लावला तर तो रस्त्यावरच्या माश्यांना आत बोलावतो. आणि नळी साधारण वर्षाने बदलतात, कारण निळा उजेड तसाच दिसत असला तरी तोवर तिचे अतिनील किरण बरेच मंदावलेले असतात. आपल्या कित्येक हॉटेलांत वर्षानुवर्षं न बदललेली नळी भटारखान्याच्या ओट्यावरच लटकत असते. जागा बदलायला एक खिळा लागतो. अन्न विकणाऱ्याने एवढं तरी करायलाच हवं.

उजेडाच्या सापळ्याची खरी जागा शेतात आहे, आणि तिथे तो डोळस असला तर मोलाचा आहे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात हुमणीने काय केलंय ते तिथल्या शेतकऱ्याला विचारावं. वरून हिरवागार दिसणारा ऊस पिवळा पडतो, आणि बेट धरून ओढलं तर मुळांसकट सहज हातात येतं, कारण मुळं उरलेलीच नसतात. खाली मातीत इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी सापडते.

ही अळी जमिनीत खोल, औषध पोचणं अवघड. पण तिच्या वर्षभराच्या आयुष्यात एक उघडी बाजू आहे. वळवाचा पहिला चांगला पाऊस पडला की संध्याकाळी जमिनीतून या अळ्यांचेच झालेले तपकिरी भुंगेरे बाहेर निघतात, कडुनिंब, बाभूळ, बोरीच्या झाडांवर जमतात, पाला खातात, तिथेच नर-मादीचं मीलन होतं आणि उजाडायच्या आत ते परत मातीत शिरतात. या काही रात्रींतच त्यांना गाठायचं. बांधावर दिवा, त्याच्याखाली पसरट भांड्यात रॉकेल मिसळलेलं पाणी. दिव्याभोवती फिरणारे भुंगेरे त्यात पडतात. सगळे भुंगेरे दिव्यावर येत नाहीत, म्हणून जोडीला माणसं लागतात. अंधारात बॅटऱ्या घेऊन झाडाखाली जायचं, आकड्याने फांद्या हलवायच्या, टपटप पडणारे भुंगेरे वेचून त्याच रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. अंडी घालण्याआधी मेलेली प्रत्येक मादी म्हणजे उसाच्या मुळाशी तितक्या अळ्या कमी. एकट्याने हे करून भागत नाही. शेजारच्या बांधावरचा कडुनिंब तसाच राहिला तर भुंगेरे तिथून येतात, म्हणून गावाने मिळून करायचं हे काम आहे.

शेतातसुद्धा दिवा रात्रभर जळत ठेवणं बरोबर नाही. बऱ्याच किडी अंधार पडल्यावरच्या पहिल्या काही तासांत उडतात. त्यानंतर दिव्यावर येणाऱ्यांत मित्रकीटकांचा वाटा वाढतो. म्हणून संध्याकाळी लावून काही तासांनी बंद करण्याची शिफारस असते, आणि वेळ झाली की आपोआप बंद होणारे सौर सापळे मिळतात. दिल्लीच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राने तर लहान अंगाच्या मित्रकीटकांना निसटायला वाट राहील अशा रचनेचा सापळा तयार केला. कापसावर गुलाबी बोंडअळीने २०१७ मध्ये विदर्भात थैमान घातल्यावर मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांबरोबर जिनिंग मिलच्या आवारातही प्रकाश सापळे लावायला सांगितलं गेलं, कारण साठवलेल्या सरकीतून निघणारे पतंग तिथेच अडवता येतात.

यांत कुठेही ‘लावला आणि विसरला’ असा कारभार नाही. सकाळी भांड्यात कोण पडलंय ते शेतकऱ्याने पाहायचं असतं. भुंगेरे येत असतील तर सापळा चालू ठेवायचा. ढालकिडे, क्रायसोपा, चतुर असे मित्रकीटकच जास्त दिसायला लागले तर दिवा काढून ठेवायचा. जुलै उजाडला की हुमणीपुरतं दिव्याचं काम संपतं, कारण तोवर मादीची अंडी मातीत गेलेली असतात आणि अळी काही उजेडाकडे येत नाही. त्यानंतर अळीला मारणारी मेटारायझियम बुरशी मुळाशी द्यायची, आणि ऊस निघाल्यावर खोल नांगरट करून वर आलेल्या अळ्या बगळ्या-कावळ्यांना खाऊ द्यायच्या.